अलिखित अभ्यासक्रम: दिल्लीच्या वैद्यकीय महाविद्यालयांत ज्येष्ठांचा आधार आणि ज्येष्ठांचा धाक

विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै 2025 मध्ये देशभरातील उच्च शिक्षण संस्थांना एक सूचना धाडली. नव्याने प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांना गाठण्यासाठी ज्येष्ठ विद्यार्थी जे अनौपचारिक व्हॉट्सॲप गट तयार करतात, त्यांतून मानसिक छळ होत असल्याच्या तक्रारी येत आहेत. संस्थांनी अशा गटांवर लक्ष ठेवावे आणि छळासाठी होणारा त्यांचा वापर रॅगिंगच समजावा, असा त्या सूचनेचा आशय होता. सूचना रास्त होती. मात्र वैद्यकीय महाविद्यालयांच्या बाबतीत तिने एक अवघड प्रश्नही पुढे आणला. ज्या वाटेने छळ पोहोचतो, बहुतेक वेळा त्याच वाटेने मदतही पोहोचते. वाट बंद केली तर दोन्ही थांबते.

दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाचा विद्यार्थी दाखल होतो तेव्हा त्याच्या हाती वेळापत्रक, शुल्काची पावती आणि रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्राची प्रत असते. शरीररचनाशास्त्राचे कोणते पुस्तक आधी उघडावे आणि कोणते नंतर, तोंडी परीक्षेत कोणता परीक्षक कशावर अडून बसतो, विच्छेदनगृहातील पहिल्या आठवड्यात अन्नावरची वासना उडाली तर त्यात वावगे काही नाही, नापास झालेल्या मुलाने पुरवणी परीक्षेपर्यंतचे दिवस कसे काढावेत, यांपैकी एकही गोष्ट त्या कागदांत नसते. हे सारे सांगतो तो एक-दोन वर्षे पुढे असलेला विद्यार्थी. त्याला सर्वजण 'सर' म्हणतात आणि ती असेल तर 'मॅम'. अवघ्या एका वर्षाने मोठ्या असलेल्या मुलाला 'सर' म्हणण्याची ही रीत अन्य विद्याशाखांतील विद्यार्थ्यांना चमत्कारिक वाटते. वैद्यकीय शिक्षणात ती इतकी मुरली आहे की तिच्यात आदर किती आणि अधिकार किती, हे कोणी वेगळे काढून पाहत नाही.

महाराष्ट्रातून दिल्लीत गेलेल्या विद्यार्थ्याला या आधाराची गरज थोडी अधिकच भासते. शासकीय महाविद्यालयांतील एमबीबीएसच्या 15 टक्के आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या 50 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात, तर अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील प्रवेश संपूर्ण देशासाठी खुले असतात. त्यामुळे हिंगोलीचा किंवा नंदुरबारचा मुलगा थेट सफदरजंग रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात उभा राहू शकतो. शाळेत शिकलेली हिंदी तिथे अपुरी पडते. 'घबराहट हो रही है' असे रुग्ण म्हणतो तेव्हा मराठी कानाला त्यात भीती ऐकू येते. प्रत्यक्षात तो छातीतील धडधड, श्वास अडकणे किंवा मळमळ यांपैकी काहीही सांगत असू शकतो. पन्नाशीच्या रुग्णाने हा शब्द उच्चारला की आधी हृदयाचा आलेख काढावा, ही शिकवण कोणत्याही इंग्रजी पाठ्यपुस्तकात नाही. ती शेजारी उभ्या असलेल्या सीनिअरकडून मिळते, तीही बहुधा चालता चालता.

जवळच्या ज्येष्ठाकडून होणारे शिक्षण परिणामकारक का ठरते, याचे कारण साधे आहे. प्राध्यापकाला विषय येतो, पण तो न येण्याची अवस्था त्याच्या स्मरणातून कधीच पुसली गेलेली असते. दोन वर्षे पुढचा विद्यार्थी मात्र आपण नेमके कुठे अडखळलो होतो ते सांगू शकतो. शिवाय त्याच्यासमोर अज्ञान कबूल करण्याची लाज कमी वाटते आणि त्याच्या हाती अंतर्गत गुण नसतात. शल्यचिकित्सेत 'एकदा पाहा, एकदा करा, एकदा शिकवा' हे सूत्र जगभर सांगितले जाते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम ऑस्लर आणि विल्यम हॉलस्टेड यांनी निवासी डॉक्टरांची जी उतरंड उभी केली, तिचा पायाच वरच्याने खालच्याला घडवण्याचा होता. भारतातील निवासी डॉक्टर पद्धतीची ठेवणही तीच आहे. फरक इतकाच, की ही शिकवणी ज्याच्या गळ्यात पडते त्याच्या कामाच्या तासांत ती कुठेही धरली जात नाही.

पुस्तकांच्या बाबतीत राजधानी क्षेत्राचा वारसा मोठा आहे. देशभरातील विद्यार्थी औषधशास्त्रासाठी ज्या के. डी. त्रिपाठी यांच्या ग्रंथावर विसंबतात, ते मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक होते. बालरोगशास्त्राचे सर्वपरिचित पाठ्यपुस्तक सिद्ध करणारे ओ. पी. घई एम्सचे, तर गर्भविज्ञानाचे लेखक इंदरबीर सिंग रोहतकचे. या ग्रंथांच्या जुन्या प्रती वसतिगृहांत एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडे जातात आणि त्यांच्या समासांत पेन्सिलीने केलेल्या खुणांना नव्या आवृत्तीपेक्षा अधिक मोल येते. कोणता परिच्छेद कितीदा विचारला गेला, हे त्या खुणाच सांगतात.

पदव्युत्तर शिक्षणात हे नाते पालटते आणि अधिक गंभीर होते. एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला ज्येष्ठाचा सल्ला मिळाला नाही तर त्याचे गुण जातात. निवासी डॉक्टरच्या बाबतीत पणाला लागतो तो रुग्ण. मोठ्या शासकीय रुग्णालयात रात्री वॉर्डात प्रत्यक्ष हजर असतो तो पहिल्या वर्षाचा ज्युनिअर रेसिडेंट. त्याच्या वर दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचे, त्यांच्या वर सीनिअर रेसिडेंट आणि त्याही वर, बहुतेक वेळा दूरध्वनीच्या पलीकडे, प्राध्यापक. मध्यरात्रीनंतर रुग्णाचा रक्तदाब उतरू लागला की या साखळीतील पहिला निर्णय सर्वांत कमी अनुभवी व्यक्तीला घ्यावा लागतो. तो निर्णय असतो वरच्याला उठवायचे की नाही, हा. 'एवढेही कळत नाही का' हे उत्तर ज्याने एकदा ऐकले, तो पुढच्या वेळी अर्धा तास थांबतो. त्या अर्ध्या तासाची नोंद कोणत्याही केसपेपरवर होत नाही. ज्येष्ठ-कनिष्ठ संबंधांची चर्चा विद्यार्थिकल्याणाच्या चौकटीत होत आली आहे, आणि ते योग्यच आहे. पण रुग्णसुरक्षेच्या चौकटीत ती जवळजवळ होतच नाही, ही या विषयातील सर्वांत मोठी उणीव म्हणावी लागेल.

धाकाचा इतिहास राजधानी क्षेत्राला परका नाही. मार्च 2009 मध्ये हिमाचल प्रदेशातील टांडा येथील राजेंद्र प्रसाद शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा ज्येष्ठ विद्यार्थ्यांच्या मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्याचे कुटुंब गुरुग्रामचे. त्याचे वडील राजेंद्र काचरू यांनी पुढे रॅगिंगविरोधी चळवळ उभी केली आणि या प्रकरणातील चार विद्यार्थ्यांना 2010 मध्ये न्यायालयाने दोषी ठरवले. केंद्रीय अन्वेषण विभागाचे माजी संचालक आर. के. राघवन यांच्या समितीचा अहवाल 2007 पासून सर्वोच्च न्यायालयापुढे होताच. टांड्याच्या घटनेनंतर हालचालींना वेग आला आणि 2009 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगविरोधी विनियम जारी केले. वैद्यकीय महाविद्यालयांसाठी तेव्हाच्या भारतीय वैद्यकीय परिषदेनेही त्याच वर्षी स्वतंत्र विनियम केले आणि 2021 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने त्यांची जागा घेणारे नवे विनियम आणले. महाराष्ट्राने त्याआधीच, 1999 मध्ये, रॅगिंगविरोधी कायदा केला होता, हे येथे नमूद करायला हवे.

2009 च्या विनियमांतील शिक्षेच्या तरतुदी सर्वांना ठाऊक आहेत. त्यातच दडलेले एक कलम मात्र फारसे कोणी वाचत नाही. प्रत्येक संस्थेत शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस एक मार्गदर्शक कक्ष स्थापन करावा, पुढील वर्षी येणाऱ्या नवागतांचे मार्गदर्शक होण्यास स्वेच्छेने तयार असलेल्या विद्यार्थ्यांचा तो असावा, सहा नवागतांमागे एक मार्गदर्शक असावा आणि अशा सहा मार्गदर्शकांमागे वरच्या पातळीवरचा एक मार्गदर्शक, आणि जितक्या तुकड्या तितक्या पातळ्या असाव्यात, असे ते कलम सांगते. म्हणजे ज्या दस्तऐवजाने ज्येष्ठांच्या जुलमावर बंदी घातली, त्यानेच ज्येष्ठांच्या आधाराची शिडीही आखून दिली होती. आणखी एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. एखाद्या व्यक्तीला वा गटाला नेमून दिलेले शैक्षणिक काम नवागताकडून किंवा अन्य विद्यार्थ्याकडून करवून घेणे, हेही या विनियमांच्या व्याख्येत रॅगिंगच आहे. प्रबंधासाठी लागणारी माहिती कनिष्ठाकडून गोळा करवून घेणे, सादरीकरणाच्या पारदर्शिका त्याच्याकडून बनवून घेणे या गोष्टी निवासी डॉक्टरांच्या जगात 'शिकवणी'च्या नावाखाली सर्रास चालतात. ही व्याख्या शब्दशः लावली तर अनेक नामांकित विभागांना उत्तर देणे जड जाईल.

प्रत्यक्षात अंमलबजावणी झाली ती बंदीची. प्रतिज्ञापत्रे भरली गेली, फलक लागले, 1800-180-5522 हा मदत क्रमांक भिंतींवर रंगवला गेला. काही संस्थांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची राहण्याची आणि जेवणाची व्यवस्थाच वेगळी केली. त्याने मारहाणीचे प्रसंग कमी झाले असतील, तर ते मोलाचेच आहे. पण ज्येष्ठांशी येणारा सहज, उजेडातील संपर्कही त्याबरोबर आटला आणि उरला तो फोनवरचा, रात्रीचा, प्रशासनाच्या नजरेआडचा. नोव्हेंबर 2024 मध्ये गुजरातेतील पाटणजवळच्या धारपूर येथील वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी ज्येष्ठांनी तासन्‌तास उभे केल्यानंतर कोसळून मरण पावला. पोलिसांनी पंधरा ज्येष्ठ विद्यार्थ्यांवर गुन्हा नोंदवला. त्या रात्रीच्या प्रकाराचे नाव होते 'ओळख-परेड'. पंधरा वर्षांच्या बंदीनंतरही नवागताची ओळख करून घेण्याचा विधी ज्येष्ठांच्याच हाती राहिला होता, याचा अर्थ त्या जागी संस्थेने दुसरे काही उभे केले नव्हते.

उभे करता येते, याचा दाखला दिल्लीतच आहे. शाहदरा भागातील गुरू तेगबहादूर रुग्णालयाशी संलग्न असलेल्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आधी प्राध्यापक-मार्गदर्शकांची योजना सुरू झाली होती. प्राध्यापकांच्या दालनात विद्यार्थी फारसे फिरकत नाहीत, हा अशा योजनांचा सार्वत्रिक अनुभव. या महाविद्यालयाने प्राध्यापकांच्या जोडीला वरच्या वर्गातील इच्छुक विद्यार्थ्यांना मार्गदर्शक म्हणून घेतले. सतेंद्र सिंग, नवजीवन सिंग आणि उपरीत धालीवाल या तेथील अध्यापकांनी 2014 मध्ये हा प्रयोग वैद्यकीय शिक्षणविषयक संशोधनपत्रिकेत मांडला. विद्यार्थी-मार्गदर्शक हे प्राध्यापक-मार्गदर्शकांचे पूरक ठरतात, पर्याय नव्हेत, ही त्यांची मांडणी होती. हा भेद महत्त्वाचा आहे. वसतिगृहातील एकटेपणा, अभ्यासाची रीत, इंग्रजीची धास्ती या गोष्टी कनिष्ठ ज्येष्ठाला सांगेल. पण सांगितलेले प्रकरण गंभीर असेल तर ते पुढे न्यायला ज्येष्ठामागे जबाबदार अध्यापक असावा लागतो. वीस वर्षांच्या मुलाने दुसऱ्या वीस वर्षांच्या मुलाच्या नैराश्याचा भार एकट्याने उचलावा, अशी अपेक्षा क्रूर आहे.

अनौपचारिक आधाराची दुसरी अडचण अधिक खोल आहे, आणि तिच्याबद्दल बोलणे संस्थांना आवडत नाही. हा आधार सर्वांना सारखा मिळत नाही. ज्येष्ठ कोणाला जवळ करतो? आपल्या गावच्याला, आपली भाषा बोलणाऱ्याला, आपल्याच शिकवणी वर्गातून आलेल्याला, आणि न बोलता, आपल्या जातीतल्याला. एम्समध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी करण्यासाठी 2006 मध्ये समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते विद्यापीठ अनुदान आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष डॉ. सुखदेव थोरात. अमरावती जिल्ह्यातून आलेले हे अर्थशास्त्रज्ञ मराठी वाचकांना अपरिचित नाहीत. 2007 मध्ये सादर झालेल्या या अहवालात वसतिगृहांतील विभागणीचे जे चित्र आले, ते राजधानीच्या प्रतिष्ठेला धक्का देणारे होते. मागास समूहांतील विद्यार्थी काही वसतिगृहांच्या वरच्या मजल्यांवर एकवटले होते, आणि त्यामागे त्यांना आलेला अपमान व छळ यांचा वाटा असल्याचे अहवाल सांगत होता. अध्यापकांकडून पुरेसा आधार मिळत नसल्याचे या गटातील बहुसंख्य विद्यार्थ्यांनी समितीपुढे सांगितले. खेळ, भोजनगृह, महोत्सव येथेही दुरावा होताच.

त्या वरच्या मजल्यांकडे आणखी एका बाजूने पाहायला हवे. तिथे एकवटलेल्या विद्यार्थ्यांनी एकमेकांना आधार दिला, पुस्तके दिली, जुन्या प्रश्नपत्रिका दिल्या. तेही अनौपचारिक मार्गदर्शनच होते. पण ज्यांच्या वरच्या तुकडीत त्यांच्यासारखे मोजकेच होते, त्यांच्यापर्यंत पोहोचणारी शिदोरीही मोजकीच राहिली. ज्या घरात तिसऱ्या पिढीचा डॉक्टर आहे, त्या घरचा मुलगा वसतिगृहात येण्याआधीच अर्धा अलिखित अभ्यासक्रम शिकून आलेला असतो. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यासाठी तो सीनिअरच्या खोलीच्या दारात सुरू होतो, आणि ते दार उघडेल की नाही हे योगायोगावर सोपवलेले असते.

महाराष्ट्राने याची किंमत पाहिली आहे. मुंबईतील नायर रुग्णालयाशी संलग्न टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी 22 मे 2019 रोजी आत्महत्या केली. तडवी भिल्ल समाजातून आलेल्या या तरुणीचा जातीवरून छळ केल्याचा आरोप ठेवून तीन ज्येष्ठ महिला डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला. त्या आरोपांचा निवाडा न्यायालयाने करायचा आहे. डॉ. तडवी यांच्या आईने रोहित वेमुला यांच्या आईसह 2019 मध्येच सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली आणि उच्च शिक्षणातील जातिभेदाविरुद्धच्या तरतुदींची अंमलबजावणी मागितली. या प्रकरणाने पालकांच्या मनात रुजवलेला प्रश्न न्यायालयीन निवाड्यापेक्षाही व्यापक आहे. ज्या व्यक्तींकडून शस्त्रक्रिया शिकायची, त्यांच्याच वागणुकीची तक्रार करायची असेल तर ती कोणाकडे? विभागप्रमुखाकडे नेलेली तक्रार दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियागृहात पोहोचते. कोणत्या केसला हात लावायला मिळेल हे ज्येष्ठ ठरवतो आणि म्हणून तक्रारीची शिक्षा शिकण्यातून वजा होते. समितीच्या कागदावर ती कधीच दिसत नाही.

तरीही सगळा दोष ज्येष्ठांच्या स्वभावावर टाकणे सोपे आणि अन्यायाचे होईल. बहुतेक ज्येष्ठ स्वतःच थकलेले असतात. केंद्र सरकारच्या 1992 च्या निवासी डॉक्टर योजनेनुसार सलग कर्तव्य सर्वसाधारणपणे बारा तासांपेक्षा अधिक नसावे आणि आठवड्याचे काम 48 तासांचे असावे. तीन दशकांनंतर, ऑगस्ट 2024 मध्ये, राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मानसिक आरोग्यविषयक कृतिदलाने आपल्या अहवालात आठवड्याला कमाल 74 तासांची मर्यादा सुचवली. सुधारणेच्या शिफारशीतील आकडाच जुन्या आदेशाच्या दीडपटीहून अधिक असावा, यावरून प्रत्यक्षातील तासांची कल्पना यावी. या कृतिदलाच्या ऑनलाइन पाहणीत 25,590 पदवी विद्यार्थी आणि 5,337 पदव्युत्तर विद्यार्थी सहभागी झाले. 27.8 टक्के पदवी विद्यार्थ्यांनी आणि 15.3 टक्के पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आरोग्याची समस्या असल्याचे सांगितले. पाहणीला उत्तर देणाऱ्यांनी स्वतः कळवलेले हे आकडे आहेत, त्यामुळे ते साऱ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण मानता येणार नाहीत. पण उत्तर देणाऱ्यांची संख्याच दुर्लक्ष करू देत नाही. छत्तीस तास जागा असलेला दुसऱ्या वर्षाचा डॉक्टर पहिल्या वर्षाच्या डॉक्टरला सलाइनची सुई कशी लावावी हे हात धरून शिकवणार नाही. तो स्वतः लावून मोकळा होईल, किंवा ओरडेल.

साखळी तुटली की काय होते, हे दिल्लीने 2021 मध्ये अनुभवले. पदव्युत्तर प्रवेशाची नीट परीक्षा महामारीमुळे जानेवारीवरून एप्रिलवर आणि एप्रिलवरून 11 सप्टेंबर 2021 वर गेली. त्यानंतर आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या आरक्षणावरील न्यायालयीन वादामुळे समुपदेशन रखडले. पहिल्या वर्षाची संपूर्ण तुकडीच रुग्णालयांत नव्हती. तीन तुकड्यांचे काम दोन तुकड्या करत होत्या. नोव्हेंबरअखेर सुरू झालेले दिल्लीतील निवासी डॉक्टरांचे आंदोलन डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रस्त्यावर आले, पोलिसांशी झटापट झाली. सर्वोच्च न्यायालयाने 7 जानेवारी 2022 रोजी वाट मोकळी केल्यावर प्रवेश सुरू झाले. त्या आंदोलनाची चर्चा मनुष्यबळाच्या अंगाने झाली. पण जी तुकडी वर्षभर तळाशीच राहिली, जिला शिकवायला कनिष्ठच नव्हते, तिच्यातील शिकवण्याची सवय मोडली, आणि उशिरा आलेल्या तुकडीला घाईने कामाला जुंपले गेले. या तुटीची मोजदाद कोणी केली नाही.

जुनी साखळी तुटण्यापेक्षाही साखळीच नसण्याचा प्रश्न आता मोठा होत आहे. देशातील वैद्यकीय महाविद्यालयांची संख्या 2013-14 मधील 387 वरून 2024-25 मध्ये 780 वर गेली. एमबीबीएसच्या जागा 51,348 वरून सुमारे 1 लाख 18 हजारांवर आणि पदव्युत्तर जागा 31,185 वरून 74 हजारांवर पोहोचल्या. डॉक्टरांची चणचण पाहता ही वाढ आवश्यकच होती. पण नव्या महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीला सीनिअर नसतात. रोहिणीतील डॉ. बाबासाहेब आंबेडकर वैद्यकीय महाविद्यालय 2016 मध्ये सुरू झाले, राममनोहर लोहिया रुग्णालयाशी जोडलेली अटलबिहारी वाजपेयी संस्था 2019 मध्ये. दिल्लीतील अशा संस्थांना निदान शेजारी मौलाना आझाद किंवा लेडी हार्डिंग्ज आहे. 1916 मध्ये विद्यार्थिनींसाठी सुरू झालेल्या लेडी हार्डिंग्जमध्ये तर आई आणि मुलगी एकाच महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थिनी असू शकतात. ऑक्टोबर 2024 मध्ये महाराष्ट्रात एकाच वेळी दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. त्यांत गडचिरोली, हिंगोली, वाशीम, बुलढाणा, भंडारा, जालना आहेत. गडचिरोलीच्या पहिल्या शंभर विद्यार्थ्यांनी समासात खुणा केलेले पुस्तक कोणाकडून घ्यावे? तेथील वसतिगृहात ज्येष्ठांचा जाच नाही, हे खरे. ज्येष्ठांचा आधारही नाही, हे तितकेच खरे.

ही पोकळी बाजाराने हेरली आहे. एम्सच्या पाठीमागच्या गौतमनगर आणि युसूफ सराय परिसरात पदव्युत्तर प्रवेशाच्या शिकवण्यांची आणि रात्रभर उघड्या राहणाऱ्या अभ्यासिकांची दाटी आहे. जे सीनिअर वसतिगृहाच्या गच्चीवर फुकट सांगत, ते आता भ्रमणध्वनीवरील ॲपमध्ये वर्गणी भरून मिळते. कोणत्या महाविद्यालयात कोणत्या शाखेत किती रात्री काढाव्या लागतात, विद्यावेतन वेळेवर मिळते का, वसतिगृहात खोली मिळते का, ही माहितीही समुपदेशनाच्या हंगामात विकली जाते. प्रश्नसंचाच्या बाबतीत ॲप सीनिअरपेक्षा सरस असेलही. पण पोटाला हात लावून कडकपणा कसा ओळखावा, मृत्यूची बातमी नातेवाइकांना कोणत्या शब्दांत सांगावी, संतप्त जमाव कॅज्युअल्टीच्या दारात आला तर कोणत्या बाजूने बाहेर पडावे, हे पडद्यावर शिकता येत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्यातील आर. जी. कर रुग्णालयात कर्तव्यावरील महिला डॉक्टरच्या बलात्कार व हत्येनंतर दिल्लीतील निवासी डॉक्टर संपावर गेले, तेव्हा सुरक्षा रक्षकांची आणि कायद्याची मागणी पुढे होती. रात्रपाळीला एकटे कोणी थांबू नये, सोबत कोण आहे हे आधी विचारून घ्यावे, हा सल्ला त्याच्या कितीतरी आधीपासून ज्येष्ठ महिला डॉक्टर आपल्या कनिष्ठांना देत आल्या आहेत.

धोरणाच्या पातळीवर करण्याजोगे थोडेच आहे, पण ते ठोस आहे. 2019 पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाने नवागतांसाठी पायाभूत अभ्यासक्रम आणि संवाद-नीतिविषयक घटक आणले. तेथे वरच्या तुकडीला जागा देता येईल. सहास एक हे प्रमाण 2009 पासून कागदावर आहे, आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. मार्गदर्शक आणि नवागत यांच्या जोड्या सोडत काढून ठरवल्या तर गाव, भाषा आणि जात यांची आपोआप होणारी निवड निदान पहिल्या दिवशी तरी मोडते. पुढे कोण कोणाकडे जाईल ते जाईल. ज्येष्ठाने शिकवण्यात घालवलेला तास कामाच्या तासांत धरला, तर 74 तासांच्या शिफारशीलाही काही अर्थ येईल. तक्रार ऐकणारी व्यक्ती त्या विभागाबाहेरची असावी, आणि शक्य तर त्या महाविद्यालयाबाहेरची. व्हॉट्सॲप गटांवर पाळत ठेवण्यापेक्षा एका अध्यापकाने त्यात उघडपणे सामील होणे सोपे आहे. मात्र त्यामुळे तो गट तत्काळ ओस पडेल आणि दुसरा निघेल, ही शक्यता कोणत्याही वसतिगृहात राहिलेल्या माणसाला नाकारता येणार नाही. नव्या महाविद्यालयांसाठी जवळच्या जुन्या महाविद्यालयातील अंतिम वर्षाचे विद्यार्थी आणि आंतरवासी डॉक्टर काही आठवड्यांसाठी पाठवता येतील. गडचिरोलीसाठी नागपूर आणि हिंगोलीसाठी नांदेड दूर नाही.

औपचारिकतेचा अतिरेक झाला तर काय होते, याचाही विचार हवा. मार्गदर्शनाच्या भेटींची नोंदवही, छायाचित्र, अहवाल आणि तपासणीच्या दिवशी दाखवायची स्वाक्षऱ्यांची यादी असा थाट मांडला की देणारा आणि घेणारा दोघेही ते एक कामच समजू लागतात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या तपासणीत उपस्थितीचे यंत्र जसे कामापुरते चालू होते, तसे मार्गदर्शनही तपासणीपुरते चालू होईल. दिल्लीतील महाविद्यालयांत आजही सर्वाधिक मार्गदर्शन घडते ते भोजनगृहाच्या रांगेत, ग्रंथालयाबाहेरच्या चहाच्या टपरीवर आणि वॉर्डातील फेरीनंतरच्या दहा मिनिटांत. संस्थेला त्या दहा मिनिटांचा विषय ठरवता येत नाही. ती दहा मिनिटे मिळतील एवढे मनुष्यबळ देणे आणि ती कोणाला नाकारली जात असतील तर त्याकडे पाहणे एवढे मात्र तिच्या हाती आहे.

यंदाच्या प्रवेशफेऱ्या संपल्या की नव्या तुकड्या वसतिगृहांत दाखल होतील आणि पहिल्या रात्री कोणाच्या तरी भ्रमणध्वनीवर एका अनोळखी क्रमांकावरून गटात सामील झाल्याची सूचना येईल. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक आणि रॅगिंगविरोधी मदत क्रमांक भिंतीवर असतीलच. सहा नवागतांमागच्या त्या एका ज्येष्ठाचे नाव त्यांच्या शेजारी लिहिलेले असेल का, हे त्या त्या महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांना सत्र सुरू होण्याआधी ठरवावे लागेल.